हजेरीपटावरचे कांबळे



मागच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या कांबळेवहिनी घरी आल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तरी त्या उठेनात. शेवटी पिशवीतून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला आणि आमच्यापुढे ठेवला. सरकारी राजपत्रात नाव बदलून घेण्यासाठी काय काय कागदपत्रे लागतात, याची ती यादी होती.

"भाऊ, पोरगा म्हणतोय आडनाव बदलायचं. गावाच्या नावाला 'कर' लावायचं म्हणतो. आम्ही दोघांनी जन्मभर हेच नाव लावलं. आमच्या नावात काय वाईट आहे, तुम्हीच सांगा."

वहिनी एका शाळेत मदतनीस आहेत. त्यांचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी पूर्ण केला आहे. त्याच्याशी आम्ही नंतर बोललो. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. एका मुलाखतीत कामाचे प्रश्न दोन झाले आणि "कांबळे म्हणजे नेमके कुठले?" हा प्रश्न तिसरा झाला. मग "कळवतो" म्हणाले आणि कळवले नाही. दुसऱ्या शहरात खोली शोधायला गेला, तर फोनवर ठरलेली खोली नाव सांगितल्यावर पाच मिनिटांत "दिली गेली" होती. "काका, प्रत्येक दारात मी आत जायच्या आधी माझं आडनाव आत जातं," असे तो म्हणाला.

या माय-लेकरांच्या प्रश्नाने आम्हाला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आमच्या किती घरांत हा प्रश्न कधी ना कधी येऊन गेला असेल! म्हणून आज या पानावर एका आडनावाविषयीच बोलायचे ठरवले आहे.

मुलाला भास होतो काय?

पहिली गोष्ट अशी की, मुलगा सांगतो तो त्याच्या मनाचा खेळ नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कच्या विद्यापीठातील प्राध्यापक पॉल अटेवेल यांनी याचीच परीक्षा घेतली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांत खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत, त्यांना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फक्त नाव-आडनाव वेगळे. कुठे सवर्ण वाटेल असे, कुठे दलित वाटेल असे, तर कुठे मुसलमान नाव. असे सुमारे ४,८०० अर्ज गेले. त्यांचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. सवर्ण आडनावाला बोलावणे येण्याचा जो संभव होता, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश दलित आडनावाला होता, आणि मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश.

ध्यानात घ्या, या अर्जांमागे माणूस कोणी नव्हताच. कोणाचा चेहरा दिसला नाही, बोलणे ऐकले नाही, काम पाहिले नाही. कागदावरच्या एका शब्दाने निकाल लागला. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, मुले असे काही सांगू लागली तर "तूच कमी पडला असशील" असे चटकन म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

नाव बदलणे हा गुन्हा नाही

दुसरी गोष्ट. आडनाव बदलावेसे वाटले म्हणून मुलगा समाजाशी बेइमान झाला, असेही आम्हाला वाटत नाही. खुद्द बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या दप्तरात जो शब्द चढला, तो आज जगभर ठाऊक आहे. सकपाळ नाव वाईट होते आणि आंबेडकर चांगले, असे कोणी म्हणेल काय? माणसाने त्या नावाने जे केले, त्याने ते नाव मोठे झाले.

म्हणूनच वहिनींच्या प्रश्नाला आम्ही असे उत्तर शोधू लागलो: कांबळे या नावाने आजवर कोणी काय केले आहे, ते तरी एकदा पाहू.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा, पुणे, लातूर, सगळीकडे कांबळे आहेत. सीमेपलीकडे बेळगावकडेही आहेत. बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत, चर्मकारांतही आहेत. शाळेच्या एका वर्गात तीन-तीन कांबळे असतात आणि गुरुजी हजेरी घेताना "कोणता कांबळे?" असे विचारतात. खाली ज्यांची नावे घेत आहोत, ती माणसे काही एका घरची किंवा भाऊबंद नव्हेत. सगळ्यांची मतेही एक नाहीत. हजेरीपटावर शेजारी शेजारी यावीत, एवढेच त्यांचे नाते.

बटलर आणि संपादक

सर्वांत आधी शिवराम जानबा कांबळे. जन्म १८७५ चा. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. दिवसभर साहेबलोकांच्या पंगती वाढायच्या आणि उरलेल्या वेळात समाजासाठी लिहायचे, असा त्यांचा क्रम. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. 'मूकनायक' निघाला १९२० साली, त्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. लष्करात आणि पोलिसांत आमच्या माणसांना पुन्हा घ्यावे, म्हणून त्यांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. १९१० साली दख्खनमधील महारांच्या परिषदेचा अर्ज त्यांच्या सहीने थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत गेला.

मुली देवाला सोडण्याच्या चालीवर त्यांनी आपल्या मासिकातून कोरडे ओढले. ते वाचून एका मुरळीने मासिकाला पत्र लिहिले आणि पुढे तिचा रीतसर विवाह लागला. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले, त्या सभेमागे शिवराम जानबांसारख्या पुण्याच्या कार्यकर्त्यांची मेहनत होती. १९२९ साली पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह झाला, तेव्हाही ते पुढे होते. मोठ्या पदव्या नसताना, हातात साहेबाच्या पंगतीचे ताट असताना हा माणूस संपादक झाला. आमच्या वर्तमानपत्रांच्या वंशावळीत हे एक मूळ नाव आहे.

वकील आणि चरित्रकार

सांगली जिल्ह्यातील पलूसचे बापू चंद्रसेन कांबळे, म्हणजे ॲड. बी. सी. कांबळे, यांचे नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या घरात आजही निघते. ते वकील होते. बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे काम त्यांनी संपादक म्हणून सांभाळले. १९५७ साली कोपरगावातून आणि १९७७ साली मुंबईतून ते लोकसभेवर निवडून गेले. सभागृहात कायद्याचे पुस्तक उघडून बोलणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. रिपब्लिकन पक्षातील फुटीचा इतिहास कडू आहे, तो उगाळण्याची ही जागा नव्हे. पण 'समग्र आंबेडकर चरित्र' त्यांनी खंडामागून खंड लिहीत नेले. एवढे चिकाटीचे काम करायला आयुष्यातली किती वर्षे द्यावी लागतात, याचा विचार ते खंड हातात घेऊन एकदा करून पाहावा.

इंग्रजीतून लिहिणारे अभ्यासकही या आडनावात आहेत. एन. डी. कांबळे यांनी दख्खनच्या एका खेड्यातील दुर्बल घटकांचा अभ्यास करून १९७९ साली 'पॉव्हर्टी विदिन पॉव्हर्टी' हे पुस्तक लिहिले. नावाचा अर्थ 'गरिबीतली गरिबी' असा. गरिबांतही सगळ्यांत खाली कोण आहे, हे आकड्यांनी मांडणे हे त्यांचे काम. अनुसूचित जातींवरील अत्याचार आणि वेठबिगारी यांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. त्याच १९७९ साली जे. आर. कांबळे यांचे भारतातील दलितवर्गाच्या जागृतीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. ही पुस्तके आमच्या घरांत फारशी आली नाहीत, कारण ती इंग्रजीत आहेत आणि ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी ती काढून पाहावीत.

सासरहून मिळालेले नाव

आता दोन बायांची गोष्ट. या दोघींनाही कांबळे हे नाव लग्नाने मिळाले.

नाजा सखाराम बाबर ही सोलापूर जिल्ह्यातील महूदची मुलगी. जन्म १ मार्च १९२३. लग्नानंतर ती शांताबाई कृष्णाजी कांबळे झाली. १९४२ साली शिक्षिका झाली. दहा वर्षे नोकरी केल्यावर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाली. पुढे सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केले आणि १९८१ साली निवृत्त झाली. निवृत्त झाल्यावर माणसे आराम करतात. शांताबाईंनी लेखणी घेतली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपाने आली. नाव नीट वाचा. 'माझ्या जन्माची' असे शुद्ध लिहिणे शिक्षिकेला काय कठीण होते? पण आईने बोललेली बोली तिने पुस्तकाच्या कपाळावर लावली. १९९० साली दूरदर्शनवर या पुस्तकावरून 'नाजुका' मालिका झाली, ती आमच्या वस्त्यांत घरोघरी पाहिली गेली. शांताबाई २०२३ च्या जानेवारीत गेल्या. शंभरीला महिनाभरच उरला होता.

दुसऱ्या बेबीताई कांबळे. जन्म १९२९ चा. आजोळी वीरगावला वाढल्या, नांदल्या फलटणला. तेराव्या वर्षी लग्न झाले. नवरा-बायकोने आधी द्राक्षे विकली, मग छोटे किराणा दुकान घातले. पुड्या बांधायला रद्दी येई. त्या रद्दीतल्या कागदावरचे अक्षर न अक्षर बेबीताई वाचून काढत आणि मग पुडी बांधत. वाचता वाचता लिहू लागल्या, पण घरात कोणाला कळू न देता. लिहिलेले कागद वर्षानुवर्षे लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या विदुषींनी त्यांना छापण्याचा आग्रह केला. मजकूर आधी 'स्त्री' मासिकात आला आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. २००८ साली माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो परदेशातल्या विद्यापीठांतही शिकवला जातो. फलटणजवळ निंबुरे येथे बेबीताईंनी मुलांसाठी आश्रमशाळाही चालवली. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

या दोघींच्या पुस्तकांत आमच्या बायांवर दोन बाजूंनी पडणारा मार आहे, एक गावाचा आणि दुसरा घरातल्या पुरुषाचा. तो दुसरा मार आम्हा पुरुषमंडळींना वाचायला अवघड जातो. तरी वाचावा. ज्या घरात बाईला आपले लिहिणे लपवावे लागले, त्याच घराचे आडनाव तिने पुस्तकावर घातले आणि मोठे केले.

शांताबाईंचा मुलगा म्हणजे अरुण कांबळे. दलित पँथरचा बिनीचा कार्यकर्ता, कवी, मुंबई विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक. 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष' लिहून त्याने वाद ओढवून घेतला आणि अंगावरही घेतला. २००९ च्या डिसेंबरात त्याचे अकाली निधन झाले. आई मुलाच्या मागे तेरा वर्षे जगली.

पत्रकार, कादंबरीकार, उद्योजक

उत्तम कांबळे पत्रकार. 'सकाळ'मध्ये संपादक झाले. 'देवदासी आणि नग्नपूजा' हे त्यांचे पुस्तक पाहताना आम्हाला शिवराम जानबांची आठवण झाली. एका कांबळ्याने १९०८-०९ साली धरलेला विषय दुसऱ्या कांबळ्याला सत्तर-ऐंशी वर्षांनी पुन्हा धरावा लागला. २०१० साली ठाण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'वाट तुडवताना' मध्ये त्यांनी गरिबीतल्या आपल्या वाचनाची कहाणी सांगितली आहे. दहावी-बारावीच्या मुलांच्या हाती ते पुस्तक जरूर द्यावे.

वाशिमचे नामदेव कांबळे हे शिक्षक. त्यांच्या 'राघववेळ' कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लातूर जिल्ह्यातून पुण्याला आलेले मिलिंद कांबळे हे स्थापत्य अभियंते. त्यांनी बांधकामाचा धंदा उभा केला आणि २००५ साली दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना काढली. २०१३ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. भांडवलाच्या वाटेने समाज मुक्त होईल काय, याबद्दल आमच्या चळवळीत मतभेद आहेत आणि ते असावेत. मुंबईचे चित्रकार-शिल्पकार प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांवर मडकी रचून 'उतरंड' ही शिल्पमाला केली आहे. आमच्या आज्यांच्या चुलीशेजारची उतरंड जातीची रचना सांगायला उभी राहिली.

आणखी एक कांबळे आहे, पण तो खरा नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' चित्रपटात एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरतात. त्या शाहिराचे नाव नारायण कांबळे. या चित्रपटाला २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. पडद्यावरच्या शाहिराला नाव देताना 'कांबळे' हेच सुचावे, यातच या नावाची ओळख किती खोल गेली आहे ते दिसते.

यादीत नसलेले कांबळे

इतकी नावे सांगितली, पण आम्हाला एक भीती वाटते. अशा याद्या वाचून मुलांना वाटेल की, नाव टिकवायचे तर पद्मश्रीच मिळवली पाहिजे. तसे नाही. मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर उभे राहिलेले, पहाटे रस्ते झाडणारे, एसटीची इंजिने उघडून बसलेले, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, असे हजारो कांबळे कोणत्याच पुस्तकात नाहीत. शिवराम जानबांचे मासिक विकत घेऊन वाचले ते याच माणसांनी. सामान्य माणसाला त्याच्या आडनावासाठी काही सिद्ध करून दाखवावे लागू नये, ही खरी समता. जो नाव वाचून दार लावतो, खुलासा त्याने द्यायचा असतो. ज्याचे नाव आहे, त्याने नव्हे.

हे सगळे आम्ही वहिनींना सांगितले. निकाल मात्र दिला नाही. मुलगा सज्ञान आहे, रोजच्या दारात त्याला उभे राहायचे आहे, आम्हाला नाही. उद्या त्याने गावाचे नाव लावले तरी तो आमचाच आहे. फक्त लाजेने बदलू नकोस, एवढेच आम्ही त्याला म्हटले. सोयीसाठी बदलायचे असेल तर बदल. पण आधी तुझ्या घरातल्या कांबळ्यांनी काय केले ते एका कागदावर लिहून काढ. आजोबा कोणत्या गिरणीत होते, आजीने काय कष्ट केले, वडिलांनी किती गाड्या दुरुस्त केल्या, आईचे माहेरचे नाव काय होते, सगळे लिही.

वाचकहो, आपल्याही घरी एखाद्या रविवारी हे करून पाहा. तुमचे आडनाव गायकवाड असो, जाधव असो, वाघमारे असो की सोनवणे. म्हाताऱ्या माणसांना मध्ये बसवा आणि मुलांच्या हाती पेन द्या. आजीचे माहेरचे आडनाव लिहायला विसरू नका. आमच्या घरांतून सगळ्यांत आधी पुसले जाते ते तेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे. आपण मागच्या पिढ्यांच्या आयांची नावे निदान घरच्या वहीत तरी लिहून ठेवू.

परवा वहिनी बाजारात भेटल्या. आम्ही विचारले, अर्जाचे काय झाले?

"अजून भरला नाही. पण भाऊ, तो कागद लिहायला बसला होता. वडलांना विचारीत होता, वर्कशॉपात पहिला पगार किती होता म्हणून. ह्यांनी रात्री अकरापर्यंत सांगितलं. एवढं ते माझ्याशीसुद्धा कधी बोलले नाहीत."

मग त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव पण लिहिलंय त्यानं. वरच."